मूल पडले की मारले?

(मंडळाच्या वर्धापनदिनी मेढा येथे केलेले भाषण)



‘मुलांच्या आरोग्यावर चार शब्द सांगा’ असा आपला निरोप होता. लसी, आहार, जंत, दात यांवर आपण पुष्कळ ऐकले आहे. म्हणून मी आज जरा अवघड विषय घेतला आहे. सणाच्या दिवशी असा विषय का, असे कोणाच्या मनात येईल. पण जे बोलायला एरवी जागा मिळत नाही ते बोलण्यासाठीच बायकांनी मंडळे काढली, अशी माझी समजूत आहे.

विषय असा. लेकराच्या अंगावर वळ दिसतो, चटका दिसतो, हात सुजलेला दिसतो. घरचे म्हणतात, ‘पडलं.’ ते खरोखर पडले की कोणी मारले, हे कसे ओळखायचे? आणि आपल्यासारख्या शेजारणीने, मावशीने, अंगणवाडीच्या बाईने अशा वेळी काय करायचे?

मी सरकारी दवाखान्यांत आयुष्य काढलेली बाई आहे. या बाबतीत माझ्या हातून दोन चुका झाल्या. त्या आधी सांगते, म्हणजे मी उपदेश करायला उभी राहिलेली नाही हे आपल्या ध्यानात येईल.

पहिली चूक नोकरीच्या पहिल्याच वर्षातली. पाच महिन्यांची एक मुलगी डोस पाजण्यासाठी आणली होती. आईने तिला पालथी केली, तो कमरेखाली हाताच्या पंजाएवढा निळसर डाग. मी बाहेरच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात विचारले, ‘कुणी मारलं हिला?’ त्या पोरीच्या तोंडून शब्द फुटेना. सासू म्हणाली, ‘आमच्या घरात लेकराला कुणी बोट लावत नाही, बाई.’ आमच्या एक वयस्कर परिचारिका होत्या, त्यांना सगळे आक्का म्हणत. त्यांनी मला हळूच आत नेले आणि म्हणाल्या, ‘बाई, हा जन्माचा डाग आहे. आपल्याकडच्या पुष्कळ लेकरांना असतो. दाबून बघा, रडणार नाही. महिन्याने बघा, जसाच्या तसा असेल.’ आक्कांचे बरोबर होते. माराचा वळ रंग बदलतो आणि साधारण दोन-तीन आठवड्यांत जातो. जन्मडाग तसाच राहतो, मूल मोठे होईल तसा पुसट होतो. मी बाहेर येऊन माफी मागितली, पण ती बाई पुढच्या डोसाला आली नाही. माझ्या एका प्रश्नाने एक आई दवाखान्याला मुकली.

दुसरी चूक याच्या उलट, आणि फार मोठी. पहिलीने मला भिववले होते, म्हणून ही झाली असेल. अडीच महिन्यांचे बाळ, मांडी सुजलेली. आई अगदी कोवळी, नवरा मुंबईला. तिने सांगितले, ‘कुशीवर वळलं आणि कॉटवरनं पडलं.’ एक्स-रेमध्ये मांडीचे हाड मोडलेले दिसले. मी प्लॅस्टरची सोय केली, धीर दिला आणि घरी पाठवले. मी एवढा साधा विचार केला नाही की, अडीच महिन्यांचे मूल कुशीवर वळून पलंगाच्या कडेपर्यंत जात नाही. तीन आठवड्यांनी तेच बाळ झटके येत असताना आणले. डोक्यात रक्तस्राव झाला होता. बाळ वाचले, पण त्याची एक बाजू कायमची अधू राहिली.

त्या पोरीने पुढे सगळे सांगितले. बाळ रात्रंदिवस रडायचे, घरात दुसरे कोणी नाही, चार-चार रात्री डोळ्याला डोळा नाही, आणि एका क्षणी तिने त्याला धरून गदागदा हलवले. मांडीचेही तसेच झाले होते. ती राक्षसीण नव्हती, भगिनींनो. एकटी पडलेली पोर होती. भिंतीपलीकडची शेजारीण मला म्हणाली, ‘रात्री लेकराचं रडणं ऐकू यायचं, आणि मग एकदम गप्प व्हायचं. मला शंका आली होती. पण दुसऱ्याच्या घरात आपण कशाला पडा?’ हे वाक्य मी आजवर विसरलेले नाही. मी दवाखान्यात चुकले, ती भिंतीपलीकडे चुकली, आणि आमच्या दोघींच्या चुकीचे देणे त्या बाळाने दिले.

तेव्हा शंका घेणे हेही जोखमीचे आणि न घेणे हेही जोखमीचे. या दोहोंमधून वाट काढण्याला शास्त्र आहे. त्याला न्यायवैद्यक म्हणतात. ते फार जुने नाही. १८६० साली पॅरिसच्या डॉ. आंब्रवाझ तार्दिए यांनी छळ झालेल्या ३२ मुलांची हकिगत लिहिली, पण जगाने तिकडे पाठ फिरवली. १९४६ साली अमेरिकेचे डॉ. जॉन कॅफी यांना सहा तान्ह्या मुलांत डोक्यातल्या रक्तस्रावाबरोबर हातापायांची २३ मोडलेली हाडे सापडली, आणि त्यांचा उलगडा आईबापांच्या सांगण्यातून होईना. पुढे १९६२ साली डेन्व्हरचे डॉ. हेन्री केंप आणि त्यांचे सहकारी यांनी ७१ रुग्णालयांतून एका वर्षाची माहिती गोळा केली. मारहाण झालेली ३०२ मुले निघाली. त्यांतली ३३ दगावली होती आणि ८५ मुलांच्या मेंदूला कायमची इजा झाली होती. तेव्हा कोठे डॉक्टरांचे डोळे उघडले. आईबाप असे करतील हेच डॉक्टरांना मनाने पटत नव्हते.

हे परदेशात होत असेल, आपल्याकडे नाही, असे मात्र म्हणू नका. २००७ साली केंद्र सरकारने तेरा राज्यांतल्या १२,४४७ मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांत आपले महाराष्ट्र राज्यही होते. दर तीन मुलांमागे दोन मुलांनी मार खाल्ल्याचे सांगितले, आणि घरात मारणारे बहुतेक आईबापच होते. घरोघरी मातीच्या चुली, दुसरे काय!

आता ओळखायचे कसे ते सांगते. डॉक्टर मनाशी तीन गोष्टी जुळवून पाहतात: मुलाचे वय, घरच्यांनी सांगितलेली हकिगत आणि अंगावरची जखम. तिन्ही एकमेकींशी जुळल्या तर बहुधा अपघात. एक जरी जुळेना, तर थांबून विचार करायचा.

प्रथम वय. मूल साधारण चौथ्या-पाचव्या महिन्यात पालथे पडू लागते, सातव्या-आठव्यात बसते, मग रांगते, धरून उभे राहते आणि वर्षाच्या आगेमागे चालते. जे मूल अजून जागचे हलत नाही, ते स्वतःला लावून कसे घेईल? १९९९ साली अमेरिकेत ९७३ लहान मुलांना तपासले. सहा महिन्यांच्या आतल्या ३६६ मुलांत अंगावर काळानिळा डाग असलेली मुले फक्त दोन निघाली. उलट चालू लागलेल्या मुलांत निम्म्याहून अधिकांच्या अंगावर डाग होते. म्हणजे पळणाऱ्या पोराच्या नडगीवर चार डाग असले तर ते त्याच्या बाळपणाचे दागिने समजावेत. पण पाळण्यातल्या मुलाच्या अंगावर एक वळ दिसला तरी त्याला डॉक्टरकडे न्यावे.

दुसरे, जागा. आपल्या मेढ्याच्या पावसात अंगणाला शेवाळ धरते, पोरे घसरतात. घसरलेले मूल पुढे आपटते. गुडघे, नडग्या, कोपर, कपाळ, हनुवटी, म्हणजे जिथे कातडीखाली लगेच हाड आहे, तिथे लागते. पण कान, गाल, मान, पोट, पाठ, कुल्ले, मांडीची आतली बाजू या जागा मऊ आणि आडोशाच्या. तिथे पडून सहसा लागत नाही. चार वर्षांच्या आतल्या मुलाच्या कानावर, मानेवर किंवा धडावर काळेनिळे डाग असतील, अथवा चार महिन्यांच्या आतल्या मुलाच्या अंगावर कोठेही डाग असेल, तर डॉक्टरांनी बारकाईने पाहावे, असा नियमच आता घातला गेला आहे.

तिसरे, आकार. जमिनीला आकार नसतो, वस्तूला असतो. गालावर बोटांच्या रेघा उमटल्या तर त्या थपडेच्या. छडीचा किंवा फोकाचा वळ म्हणजे दोन समांतर लाल रेघा आणि मध्ये फिकी जागा. दुहेरी केलेल्या दोरीने मारले तर फाशासारखी खूण उठते. पट्ट्याचे बक्कल, उलथन्याचे पाते, हे सगळे अंगावर आपली सही करून जातात.

येथे एक जुना समज दूर करते. वळ लाल असला तर आजचा, निळा असला तर कालचा, हिरवा-पिवळा असला तर अमुक दिवसांचा, असे आमच्या पुस्तकांत लिहिलेले असे आणि आम्ही कोर्टात तसे सांगतही असू. आता कळून आले आहे की, रंगावरून दिवस सांगता येत नाही. पिवळेपणा साधारण अठरा तासांच्या आत येत नाही, एवढेच भरवशाने म्हणता येते. सावळ्या कातडीवर तर रंग धड दिसतच नाही. तेव्हा कोणी म्हणाले, ‘हा वळ परवाचा, परवा मूल आत्याकडे होते, म्हणजे आत्यानेच मारले,’ तर त्यावर विश्वास ठेवू नका.

चौथे, भाजणे. चुलीवरचे, ओट्यावरचे पातेले मुलाने ओढले तर चहा वरून खाली येतो. चेहरा, खांदा, छाती येथे जास्त भाजते, खाली येता येता कमी होते, कडा वेड्यावाकड्या असतात आणि आजूबाजूला शिंतोडे उडतात. पण कोणी मुलाचे पाय बंबातल्या कढत पाण्यात धरून बुडवले, तर दोन्ही पायांवर मोजे घातल्यासारखी सरळ रेघ उमटते आणि शिंतोडे फारसे नसतात. विडीचा चटका चुकून लागला तर तो ओझरता आणि उथळ असतो, कारण मूल झटकन अंग काढते. टेकवून धरलेला चटका गोल, खोल आणि एकसारखा असतो. भाजले कसेही असो, वीस मिनिटे साधे गार पाणी वाहते सोडा आणि दवाखान्यात न्या. हळद, शाई, दंतमंजन काही लावू नका. त्याने जखम बिघडते आणि डॉक्टरला काही दिसत नाही.

पाचवे, हाडे. चालते मूल नुसता पाय मुरगळून पडले तरी नडगीच्या हाडाला तडा जाऊ शकतो, त्यात वावगे काही नाही. पण न चालणाऱ्या मुलाची मांडी मोडणे, बरगड्या मागच्या बाजूने मोडणे, एकाच वेळी जुनी आणि नवी मोडलेली हाडे सापडणे, ही धोक्याची चिन्हे. म्हणूनच डॉक्टर दोन वर्षांच्या आतल्या मुलाच्या सगळ्या अंगाचे एक्स-रे काढायला सांगतात. त्यांना हटकू नका.

एवढे ऐकून आपल्याला वाटेल, आता आम्ही ओळखू. पण थांबा. खरी अडचण पुढेच आहे. वळ दिसतो आणि वळ नसतो, अशा कितीतरी गोष्टी आहेत.

जन्मडागाचे सांगितलेच. रक्त न गोठण्याचे आजार असतात. त्यांत थोड्या धक्क्याने मोठे डाग उठतात. जन्मतः ‘के’ जीवनसत्त्वाचे इंजेक्शन राहून गेले तर तान्ह्या मुलास आपोआप रक्तस्राव होऊ शकतो. मुडदूस असेल, किंवा हाडे जन्मतःच ठिसूळ असतील, तर ती उचलता-ठेवतानाही मोडतात. अशा घरात आईबापांना आधीच दुःख, त्यात आपण चोरासारखे पाहिले तर त्यांनी जावे कोठे?

आणखी एक वस्तू खास आपल्या घरची. बिब्बा! बिब्ब्याचे तेल कातडीला लागले की काळपट डाग उठतो, फोड येतात. तो हुबेहूब मुक्या माराच्या वळासारखा दिसतो. आपल्या देशातल्या न्यायवैद्यकाच्या पुस्तकांत तर ‘खोटा वळ’ म्हणून बिब्ब्याचे नाव असते, कारण भावकीच्या भांडणात खोटी फिर्याद करण्यासाठी लोक तो अंगाला लावून घेत. त्याची ओळख अशी की, त्याला खाज सुटते, कडेला बारीक फोड असतात, हात पोचेल अशाच जागी तो असतो आणि लावणाऱ्याच्या बोटांवर, नखांवरही डाग सापडतो. लेकराच्या अंगावर कोणी औषध म्हणून बिब्बा घातला असेल तर डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा. लपवलेत तर विनाकारण संशय येईल.

बिब्ब्यावरून डागण्याचे सांगणे आलेच. ते पडणेही नव्हे आणि रागाने मारणेही नव्हे. विदर्भातल्या मेळघाटात बाळाचे पोट फुगले की तापल्या विळ्याने पोटावर चटके देतात. त्याला तिकडे ‘डंबा’ म्हणतात. २०२५ सालीच चिखलदरा तालुक्यात २२ दिवसांच्या बाळाला असे ६५ चटके दिल्याचे वर्तमानपत्रांत आले. देणाऱ्याच्या मनात द्वेष नव्हता, बाळ बरे व्हावे हीच इच्छा होती. पण बाळाच्या कातडीला इच्छा कळत नाही, विस्तव कळतो. आपल्याकडेही जुन्या माणसांच्या पोटावर डागल्याच्या खुणा पाहिलेल्या बायका येथे बसल्या असतील. आपल्या साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी झटले, तो त्यांच्या खुनानंतर २०१३ सालीच झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारणे, चटके देणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे. तेव्हा ‘इलाज म्हणून केले’ असे कोणी सांगितले, तरी त्या मुलाला दवाखान्यात नेणे आणि पुन्हा तसे होऊ न देणे हे आपले काम उरतेच.

आता एक गोष्ट डॉक्टरमंडळींसाठीही सांगते. उपचाराला उशीर केला की संशय घ्यावा, असे पुस्तकांत असते. पण कोयनेच्या जलाशयाकाठी, बामणोलीच्या अंगाला राहणाऱ्या आईला विचारा! आधी लाँच, मग एसटी, त्यात पावसाळा. तिचा उशीर हा वाटेचा उशीर आहे, मनाचा नव्हे. पुस्तक शहरात लिहिलेले असते. हकिगत ऐकताना तिचे गावही ऐकावे.

एवढ्यासाठी, भगिनींनो, निवाडा करणे हे आपले काम नाही. खरे म्हणजे ते डॉक्टरचेही नाही. सांगितलेल्या हकिगतीने ही जखम होऊ शकते किंवा होऊ शकत नाही, एवढेच डॉक्टर म्हणतो. मारले कोणी, हे पोलीस शोधतात आणि कोर्ट ठरवते. ठाम बोलणाऱ्या शास्त्रालाही कधी मागे यावे लागते. तान्ह्या मुलाच्या डोक्यात रक्तस्राव, डोळ्याच्या पडद्यात रक्तस्राव आणि मेंदूला सूज, अशी तीन चिन्हे दिसली की कोणी तरी हलवलेच, असे कित्येक वर्षे धरून चालत. २०१६ साली स्वीडनच्या सरकारी तज्ज्ञमंडळाने सगळे संशोधन पुन्हा तपासले आणि नुसत्या या तिन्हींवरून तसे म्हणण्यास पुरावा तोकडा आहे, असे सांगितले. म्हणून मूल हलवावे असा अर्थ नव्हे. तान्हे मूल कधीही हलवू नये. अर्थ एवढाच की, एका चिन्हावर कोणाला फासावर चढवू नये.

मग आपले काम कोणते? ते लहान आहे, पण तेच कोणी करत नाही.

पहिले, मूल आधी दवाखान्यात पोचवावे. बाकी सगळे मागाहून.

दुसरे, मूल काही सांगू लागले तर ऐकावे. ‘कुणी मारलं? मामानं ना?’ असे शब्द त्याच्या तोंडात घालू नयेत. दहाजणींनी दहा वेळा विचारू नये. ते बोलेल ते त्याच्याच शब्दांत कागदावर उतरून ठेवावे, तारीख घालावी.

तिसरे, कळवावे. १०९८ हा मुलांसाठीचा फोन आहे. १९९६ साली मुंबईत जेरू बिलिमोरिया यांच्या पुढाकाराने तो सुरू झाला. आता तो सरकारमार्फत चालतो, रात्रंदिवस आणि फुकट. तातडीचे असेल तर ११२. प्रत्येक जिल्ह्यात बालकल्याण समिती असते, तिच्यापुढेही जाता येते. मुलावर क्रूरपणा करणाऱ्या पालकाला किंवा सांभाळणाऱ्याला २०१५ च्या बालन्याय कायद्याने तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने कळवणे हे प्रत्येकावर बंधन आहे. न कळवणे हाच गुन्हा आहे. आणि चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर, शंका खोटी ठरली तरी, कारवाई होत नाही. २०२४ साली बदलापूरच्या शाळेचे प्रकरण आपण सर्वांनी ऐकले. तेथे शाळेच्या चालकांवर गुन्हा नोंदला गेला तो न कळवल्याबद्दलच, आणि मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली.

तपासणीला भिऊ नका. मुलीची तपासणी स्त्री डॉक्टरने करावी, जवळ आईवडील किंवा मुलीच्या विश्वासाचे माणूस असावे, असे कायदा सांगतो. ही गोष्ट आपोआप झालेली नाही. सेवाग्रामच्या महात्मा गांधी वैद्यकीय संस्थेतील न्यायवैद्यकाचे डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी २०१० च्या सुमारास अत्याचाराच्या तपासण्या किती अपुऱ्या आणि अपमानकारक रीतीने होतात, याचा अभ्यास मांडला. त्यावरून नागपूर खंडपीठापुढे जनहित याचिका झाली. पुढे सरकारने तपासणीच्या रीती घालून दिल्या. तेव्हा आपला हक्क मागताना संकोच नको.

चौथे, बाजारात बोलू नये. मोबाईलवर मुलाचा फोटो फिरवू नये. मुलाचे नाव, घर, शाळा कोणाला कळू देऊ नये. गावाची चर्चा ही त्या मुलाला दुसरी मारहाण असते. आणि शंका खोटी निघाली तर एका निरपराध आईचे जगणे अवघड होते. कळवायचे ते जिथे कळवायचे तिथेच. सोमवारच्या भजनात नव्हे आणि नळावरही नव्हे.

पाचवे आणि माझ्या मते सर्वांत मोठे काम, वेळ येण्याआधी मदतीला जावे. तान्हे मूल पहिल्या दोन महिन्यांपर्यंत वाढत्या प्रमाणात रडते आणि तीन-चार महिन्यांनंतर आपोआप कमी रडते. हे त्या आईला कोणी सांगत नाही. तिला वाटते, आपलेच काही चुकते. जावळीतले निम्मे घर मुंबईत असते. बाप माथाडीत, सासू शेतावर, आणि पोर एकटी बाळ घेऊन. तिला एवढेच सांगावे की, फार असह्य झाले तर बाळाला पाळण्यात नीट ठेव, दार ओढून घे, बाहेर ये, मला हाक मार. आणि तिने हाक मारली की जावे. तासभर बाळ घ्यावे, तिला झोपू द्यावे. याला पैसा लागत नाही, ठराव लागत नाही.

त्या अडीच महिन्यांच्या बाळाला मी एवढ्यानेच वाचवू शकले असते. मी विचारायला हवे होते, ‘अगं, रात्री झोप मिळते का तुला?’ शेजारणीने दार वाजवायला हवे होते. पोलीस, कोर्ट यांची गरजच पडली नसती.

दुसऱ्याच्या घरात पडू नये, ही आपली जुनी शिकवण आहे, आणि ती वाईटही नाही. पण मूल हे कोणाच्या एका घराचे नसते. ज्या जावळी तालुक्यातल्या बायकांनी मतदान करून गावोगाव बाटली आडवी केली, त्यांनी ते दुसऱ्याच्या घरात पडूनच केले ना? तेव्हा मी आपल्याला धाडस काय शिकवणार? मी फक्त एवढे मागते की, मंडळाने आपल्या दर महिन्याच्या सभेत एक प्रश्न विचारावा: आपल्या आळीत या महिन्यात कोणाच्या घरी पाळणा हलला, आणि तिच्याकडे कोण जाऊन आले? उत्तराला एक नाव मिळाले, तरी माझे येथे येणे सार्थकी लागले असे मी समजेन.